जिन्यातला प्रेक्षकवर्ग

माझी बाळंतपणाची रजा संपायला आणि गुंडीला दात यायला एकच गाठ पडली. गुंडी म्हणजे आमची मुलगी. तिचं पाळण्यातलं नाव ठरवताना दोन्ही घरच्या मंडळींनी इतका काथ्याकूट केला, की ठरल्यावर ते वापरायचा उत्साह कुणातच उरला नाही. तर ही गुंडी माझी करंगळी मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही, आणि एक तारखेपासून ती करंगळी माझ्याबरोबर ऑफिसात जाणार होती. करंगळी घरी ठेवून बाकीची मी ऑफिसात जावं अशी काही सोय अजून निघालेली नाही.

मी एका लहानशा टीव्ही चॅनेलच्या प्रेक्षक विभागात आहे. लोक काय बघतात, आणि मुख्य म्हणजे आपलं का बघत नाहीत, हे शोधून साहेबांना सांगायचं, साहेबांनी ते ऐकून नाराज व्हायचं, असं आमच्या कामाचं स्वरूप. पण त्या सुमारास साहेब चक्क खुशीत होते. चॅनेलने एक नवी चाचणी काढली होती. लॅपटॉपच्या कडेला आगपेटीएवढी एक कांडी खुपसायची, कांडीला वायर, वायरीच्या टोकाला वीतभर अँटेना, की हवेतून येणारा आमचा चॅनेल थेट लॅपटॉपवर. इंटरनेट नको, केबल नको, काही नको.

"माणूस घराबाहेर पडला की आपल्या हातून गेला," साहेब मला फोनवर समजावत होते. "दवाखान्याच्या बाकावर, बागेत, गाडीची वाट बघताना तो कुणाचाच नसतो. पण लॅपटॉप त्याच्या पिशवीत असतोच. तिथे त्याला गाठायचा. चालताफिरता प्रेक्षक! जाहिरातदार उड्या मारतील, बघा."

मी म्हटलं, "साहेब, ही चाचणी मी सांभाळते. घरून."

"घरून?"

"प्रेक्षक घरीच असतात, साहेब. ऑफिसात मला आजवर एकही भेटलेला नाही."

साहेब म्हणाले, "ठीक आहे. रजा संपेपर्यंत स्वतः वापरून दाखवा. एका तरी जाहिरातदाराला पटलं, तर काम तुमचं, घरून. नाही पटलं, तर एक तारखेला जागेवर हजर."

मी लगेच "हो" म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा गुण माझ्या माहेरचा आहे असं सासूबाई म्हणतात. माहेरी तो बाबांच्या बाजूचा आहे असं आई म्हणते.

कांडी आली. घरात यंत्र आलं की ते जोडण्याचा मान नवऱ्याचा. तो आधी यंत्र जोडतो, मग ते बिघडवतो आणि शेवटी माहितीपत्रक वाचतो. त्याने कांडी खुपसली, अँटेना टेबलावर उभी केली. अँटेनेच्या बुडाला चुंबक होता, तो टेबलाच्या लोखंडी पायाला जाऊन टाळकन चिकटला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'शोध चालू आहे.'

शोध दुपारपर्यंत चालू राहिला.

"अगं, भिंतीवर एवढा थोरला टीव्ही टांगलाय," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्यासमोर बसून ताटलीएवढ्यात काय बघायचं? उद्या भरल्या हौदाशेजारी बसून चमच्याने पाणी प्याल."

सासरे मात्र पुस्तक मिटून उठले. त्यांच्या तरुणपणी ते म्हणे अँटेनेच्या बाबतीत सगळ्या गल्लीत नावाजलेले होते. ते गच्चीवर, सासूबाई खिडकीत. हे वरून ओरडणार, "आलं का?" आणि त्या खालून ओरडणार, "आलं होतं, गेलं!" त्यांच्या संसारातला सगळ्यात दीर्घ संवाद तोच असावा.

"पोरी, मुंग्या दिसतायत का?" त्यांनी विचारलं.

मुंग्या म्हणजे जुन्या टीव्हीवर चित्र नीट नसलं की दिसायच्या त्या. मी त्यांना सांगितलं की बाबा, हे डिजिटल आहे, यात मुंग्या नसतात. एक तर चित्र स्वच्छ दिसतं, नाही तर अजिबात दिसत नाही.

"म्हणजे अधलंमधलं काहीच नाही?" सासरे विचारात पडले. "तुझ्या सासूसारखं."

"ऐकू येतंय मला," आतून आवाज आला.

तर सासऱ्यांच्या नेतृत्वाखाली शोधमोहीम निघाली. पुढे सासरे, हातात अँटेना. मागे मी, एका कडेवर लॅपटॉप, दुसऱ्या कडेवर गुंडी. स्वयंपाकघरात चित्र नाही. न्हाणीघरात क्षणभर निवेदिकेचं अर्धं तोंड दिसलं आणि तिथेच थिजलं. कपाटावर, फ्रीजवर, खिडकीच्या गजावर, सगळीकडे अँटेना चिकटवून झाली. समोरच्या बाजूला एक उंचच उंच इमारत आहे, ती आमचा प्रकाश आणि वारा आधीच अडवते, आता चॅनेलही अडवत होती.

दार उघडं बघून समोरच्या घरातले काका आत आले. यांना सगळी इमारत उद्योगी काका म्हणते, कारण त्यांनी दुरुस्त केलेल्या वस्तूमुळे इतर अनेकांना उद्योग मिळतो.

"अँटेनेला भांडं लावा," काका म्हणाले. "पातेलं. सिग्नल गोळा होतो."

पातेलं लावलं. सिग्नल गोळा झाला नाही, पण सासूबाईंचं दूध त्याच पातेल्यात तापायचं होतं, त्यामुळे दुसरंच काही तरी तापलं. तोवर गुंडी रडायला लागली होती. दात शिवशिवत असले की तिला फक्त जिना चालतो. वर-खाली, वर-खाली. मी एका खांद्यावर तिला टाकून, लॅपटॉप तसाच बगलेत घेऊन जिन्यात आले. मागून वायरीला बांधल्यासारखे सासरे.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामधल्या चौकात, जिथे जिन्याला छोटी खिडकी आहे, तिथे माझ्या बगलेतून एक बाई स्पष्ट आवाजात म्हणाली, "उद्याचं हवामान कोरडं राहील."

गुंडी गप्प झाली. सासऱ्यांनी खिडकीच्या गजाला अँटेना टाळकन चिकटवली आणि एखादा गड सर केल्यासारखे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्या थोरल्या इमारतीच्या आणि शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या मधे जी फट आहे, तिच्यातून आमचा चॅनेल बरोबर त्या खिडकीत उतरत होता.

आता रीतसर राहणारा माणूस जिन्यात टीव्ही कसा बघेल? पण मला घरून काम हवं होतं. मी पायरीवर उशी टाकली. गुंडीला मांडीवर घेतलं. सकाळच्या बातम्या, दुपारची मालिका, संध्याकाळचं गाण्यांचं, सगळं पायरीवर बसून बघायला लागले. मधे कुणी जायला लागलं की उठायचं, चित्र थिजायचं, परत बसायचं. मधून मधून सासरे लॅपटॉप घेऊन याहून चांगली जागा शोधायला निघायचे. गच्चीवर, तळमजल्यावर, एकदा तर लिफ्टमधे. लिफ्टमधल्या प्रयोगाबद्दल ते बोलत नाहीत.

एवढ्यात आमचे सेक्रेटरी अवतरले. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे साधा माणूस नव्हे. नियमांची वही त्यांच्या डोक्यातच आहे आणि तिला पानं अजून फुटतायत.

"वहिनी, ही वस्तू काय आहे?"

"अँटेना."

"जिन्यात खासगी वस्तू ठेवता येत नाही."

"ती ठेवलेली नाही, चिकटलेली आहे."

"चिकटण्याला परवानगी लागते. अर्ज करा. समितीची बैठक होईल."

"कधी?"

"गणसंख्या भरली की." गणसंख्या आमच्याकडे एकदाच भरली होती, जेव्हा बैठकीनंतर जेवण होतं.

मी मान खाली घालून अँटेना काढणार, एवढ्यात सासूबाई वरून जिना उतरून आल्या. त्यांचं लॅपटॉपवरचं मत बदललेलं नव्हतं. पण घरच्या माणसाला घरच्यांनी बोलावं, बाहेरच्याने नव्हे, हा त्यांचा बाणा. त्यांनी हातातलं गुंडीचं ओलं टोपडं झटकलं आणि अँटेनेच्या डोक्यावर चढवलं.

"लहान मुलाचे कपडे वाळत घालायला जिन्यातली खिडकी चालते," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी तुमच्या नातवाच्या लंगोटांसाठी तुम्हीच हा ठराव केला होता."

सेक्रेटरींनी टोपड्याकडे पाहिलं. टोपड्याला कान होते, सशाचे. "वाळलं की काढा," एवढंच म्हणून ते गेले. त्यानंतर रोज सकाळी सासूबाई ते टोपडं नळाखाली धरून पुन्हा ओलं करत.

आता गंमत अशी की त्या कांडीबरोबर एक सोय होती. लॅपटॉप किती वेळ चालला, भिंतीच्या विजेवर की बॅटरीवर, सिग्नल कधी चढला, कधी पडला, याचा आलेख रोज संध्याकाळी घरच्या इंटरनेटवरून आपोआप ऑफिसात जायचा. मी हे विसरले होते. साहेब विसरले नव्हते.

"अहो, काय हे!" त्यांचा फोन आला. "अद्भुत! तुमचा आलेख माझ्यासमोर आहे. सतत बॅटरीवर! सिग्नल वर काय, खाली काय! तुम्ही घरात बसतच नाही! सगळ्या चाचणीत असा प्रेक्षक नाही."

"साहेब, त्याचं असं आहे..."

"चालताफिरता प्रेक्षक म्हणतात तो हाच! मी हा आलेख साबणवाल्या बाईंना दाखवला. लहान मुलांच्या साबणाच्या. त्या खूश! म्हणाल्या, या आईला भेटायचंच."

"पण साहेब, आम्ही..."

"गुरुवारी येतो त्यांना घेऊन. दुपारी. तुम्ही काही तयारी करू नका. नेहमीसारखं बघत बसा."

नेहमीसारखं! म्हणजे जिन्यात उशी टाकून, डोक्याला तेल, अंगावर गुंडीच्या पेजेचे डाग, शेजारी टोपडं घातलेली अँटेना. मला प्रतिष्ठा नावाची काही चीज आहे, आणि ती रजेवर असली तरी संपलेली नव्हती. साहेबांना जिन्यात बसवणार? शक्यच नाही. मी घरात जाहीर केलं, की गुरुवारपर्यंत चॅनेल दिवाणखान्यात आला पाहिजे.

हे वाक्य मी समोरचं दार बंद करून म्हणायला हवं होतं.

उद्योगी काकांनी गुरुवारी सकाळीच कामाला हात घातला. त्यांची योजना भव्य होती. अँटेना जिन्याच्या खिडकीच्या बाहेर काढायची, तिथून लांब वायर दिवाणखान्यापर्यंत आणायची, आणि वाटेत सिग्नल दमतो म्हणून त्याला एक बूस्टर लावायचा. बूस्टर त्यांनी जुन्या रेडिओतून आणि कुणाच्या तरी मिक्सरमधून घरीच बनवला होता.

"काका, धोका नाही ना?" मी विचारलं.

"अगं, मी स्वतः केलाय."

यात धीर देण्यासारखं काय होतं हे मला अजून कळलेलं नाही. नवरा टॉर्च धरून उभा होता, म्हणजे त्याचीही संमती होती. काकांनी अँटेनेचं चुंबकाचं बूड आडवं येतं म्हणून उपटून काढलं. दुपारी तीनला आमच्याच चॅनेलवर सासूबाईंची मालिका लागते, तीच साहेबांना दाखवायची असं ठरलं. सासूबाई भिंतीवरच्या टीव्हीसमोर आधीच जाऊन बसल्या होत्या. त्या दिवशी मालिकेत धाकट्या सुनेचा हरवलेला भाऊ परत येणार होता आणि त्याला ओळखायचं की नाही हे थोरली सून ठरवणार होती. इमारतीतल्या सगळ्या घरांत मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं. साहेबांचा निरोप आला, "फाटकाशी पोचलोय." काकांनी बूस्टरचा प्लग लावला.

"हं, आता बघा," काका म्हणाले.

फाट् असा आवाज झाला, जळक्या रबराचा वास आला, आणि आमच्या दिवाणखान्यातच नव्हे तर सबंध इमारतीत शांतता पसरली. तळमजल्यावरचा मुख्य फ्यूज गेला होता. वरच्या मजल्यावरून कुणाची तरी किंकाळी आली, "अगं बाई, दार उघडणारच होता तो!" मग दारं उघडायला लागली. लोकांनी फोन काढले. पण फोनवर मालिका बघायची कल्पना सगळ्या इमारतीला एकाच क्षणी सुचली, त्यामुळे प्रत्येकाच्या फोनवर नुसतं गोल गोल चक्र फिरत होतं.

नवरा फ्यूज बघायला खाली धावला. काका त्याच्या मागे धावले, त्यांना थांबवायला सासरे धावले. मी दिवाणखान्यात उभी. खाली लिफ्ट बंद, म्हणजे साहेब जिन्याने येणार. दिवाणखान्यात जळका बूस्टर. एक तारीख माझ्या डोळ्यांसमोर नाचायला लागली. गुंडीने तेवढ्यात माझी करंगळी धरली आणि ती चावली.

"बघत काय बसलीस?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी लॅपटॉप उचलला होता. "हा डबा विजेशिवाय चालतो ना? मग चल जिन्यात. थोरली काय म्हणते ते मला आत्ता कळलं पाहिजे."

आम्ही जिन्यात आलो. लांब वायर फेकून दिली, अँटेना थेट कांडीला जोडली. पण बूड नसल्यामुळे ती कशालाच चिकटेना. शेवटी मी पायरीवर बसले, गुंडी मांडीवर, आणि एका हाताने टोपड्यासकट अँटेना खिडकीत उंच धरली. चित्र आलं! भाऊ उंबरठ्यावर उभा होता.

"चालू आहे!" सासूबाईंनी हाळी दिली. "जिन्यात चालू आहे!"

वरून माणसं आली, खालून माणसं आली. पायऱ्यांवर ओळीने बसली, कठड्याला लटकली. सेक्रेटरी आले, नियम सांगणार असं वाटलं, पण ते सासूबाईंच्या शेजारची पायरी पकडून बसले. "लिफ्ट बंद पडल्यावर जिना हा सभागृहात मोडतो," ते म्हणाले. माझा हात अवघडला, मी जरा खाली केला, तर भावाचं तोंड चौकोनाचौकोनांत फुटलं आणि सगळा जिना एका सुरात ओरडला, "हात वर!"

साहेब आणि साबणवाल्या बाई धापा टाकत पोचल्या तेव्हा त्यांना दिसलं ते हे. साहेब पुढे यायला लागले.

"अहो, बसा खाली!" सेक्रेटरींनी त्यांना दटावलं. "मागच्यांना दिसत नाही."

"मी या चॅनेलचा..."

"कुणीही असा. बसा."

साहेब बसले. बाईही पदरी पडलेल्या पायरीवर बसल्या. आणि नेमकी थोरली सून तोंड उघडते तेवढ्यात जाहिराती लागल्या. पहिलीच साबणाची.

साबणवाल्या बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या जिन्याकडे बघत होत्या. नजर वरपासून खालपर्यंत फिरवून त्या साहेबांच्या कानाशी लागल्या, पण जिन्यात कुजबुज घुमते.

"कोणी उठलं नाही," त्या म्हणाल्या. "जाहिरात लागली आणि कोणीही उठलं नाही!"

उठणार कसं? उठलं की जागा गेली. पाणी प्यायला, गॅस बंद करायला, फोन करायला कुणी हललं नाही. सगळे मान पुढे काढून त्या साबणाच्या फेसाकडे टक लावून बसले होते. जाहिरातीतलं बाळ हसलं आणि गुंडी त्याला बघून अशी काही खिदळली, की दोन कोवळे दात सगळ्या जिन्याला दिसले. "अगं, दात आले की हिला!" सासूबाई म्हणाल्या आणि जिन्यात वरून खालपर्यंत ही बातमी गेली. आठवडाभर मी ज्या दातांची वाट बघत होते, ते आले तेव्हा माझा एक हात हवेत होता.

"चालताफिरता प्रेक्षक," साहेब अभिमानाने बाईंना म्हणाले. "या बाई घरात बसतच नाहीत. आलेख बघितलात ना? बागेत, रस्त्यात..."

आता गप्प बसले असते तर काम झालंच होतं. पण माझ्याच मांडीवर बसून गुंडी ऐकत होती, आणि शिवाय हात फार दुखत होता. हात दुखत असला की मला खोटं सांभाळता येत नाही.

"साहेब, आम्ही बागेत गेलो नाही. रस्त्यातही नाही," मी म्हटलं. "घरात चित्र येत नाही म्हणून या जिन्यात वर-खाली करत होतो. तो आलेख आमच्या सासऱ्यांच्या गुडघ्यांचा आहे. आम्ही हिंडता हिंडता बघत नव्हतो, बघायला मिळावं म्हणून हिंडत होतो."

साहेबांचा चेहरा चित्र थिजावं तसा थिजला.

"पण मला विचाराल तर," मी तशीच पुढे बोलले, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता, "दवाखान्याच्या बाकावर वेळ जात नाही म्हणून बघणारा माणूस सोपा आहे. तो उद्या दुसरं काही तरी बघेल. ही माणसं बघा. लाइट गेले, फोन अडले, तरी हवेतून येणारं तुमचं चित्र अडलं नाही, आणि ते बघायला ही सगळी तीन-तीन मजले चढून-उतरून आली. त्यात तुमच्या कांडीच्या हिशेबी इथे प्रेक्षक किती आहे? एक! लॅपटॉप एक म्हणून प्रेक्षक एक. बाकीचे मोजायला ऑफिसात बसून नाही चालणार, साहेब. जिन्यात बसावं लागेल."

साहेब काही बोलणार तोच मालिका सुरू झाली आणि सेक्रेटरींनी ओठांवर बोट ठेवलं. थोरल्या सुनेने भावाला ओळखलं. सासूबाईंनी डोळे पुसले. सेक्रेटरींनीही पुसले, पण चष्मा पुसायचं निमित्त करून. जिन्यातून एकच सुस्कारा वर गेला.

"मला ही आई हवी," साबणवाल्या बाई साहेबांना म्हणाल्या. "म्हणजे या चाचणीवर. आणि असे जिने हवेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पायऱ्यांवरच्या माणसांकडे, मग सशाच्या कानांच्या टोपड्याकडे.

"घरून?" त्यांनी विचारलं.

"घरून. म्हणजे इथून."

"ठरलं," साहेब म्हणाले आणि हस्तांदोलनासाठी त्यांनी हात पुढे केला.

पण माझा एक हात अँटेनेला अडकलेला, पुढच्या भागाची झलक चालू होती आणि सगळा जिना माझ्या मनगटाकडे डोळे वटारून बघत होता. दुसऱ्या हाताची करंगळी गुंडीच्या मुठीत होती, कारण ती एवढ्या गोंधळात झोपून गेली होती. साहेबांचा हात तसाच हवेत राहिला. शेवटी त्यांनी वाकून, अगदी अलगद, गुंडीचं पाऊल चिमटीत धरलं आणि दोनदा हलवलं.

"हळू हो," सासूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "चित्र जाईल."